सहापैकी चार

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपासच्या मराठी घरांतून मार्च लागला की मला फोन यायला लागतात. प्रश्न बहुतेक एकच असतो. “मॅडम, पोरगी लहानपणापासून फाडफाड इंग्रजी बोलते, पुस्तकांचा फडशा पाडते, मग एपी इंग्लिशच्या सरावात ३ वरच का अडकते?” हा विषय मी हायस्कूलमध्ये शिकवते आणि जूनमध्ये त्याच्या उत्तरपत्रिका तपासायलाही बसले आहे. म्हणून ठामपणे सांगते, या परीक्षेत चांगलं इंग्रजी गृहीतच धरलेलं असतं. गुण मिळतात ते एक विचार हाती धरून शेवटपर्यंत नेण्याचे.

मी बोलतेय ती ‘एपी इंग्लिश लँग्वेज अँड कॉम्पोझिशन’ या परीक्षेबद्दल. कॉलेज बोर्ड ती दर मे महिन्यात घेतं, आणि शाळेत असतानाच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचं लेखन मुलाला जमतं का, हे त्यात पाहिलं जातं. निकाल १ ते ५ मध्ये लागतो. बरीच विद्यापीठं ४ किंवा ५ ला क्रेडिट देतात, काही ३ लाही देतात. सव्वातीन तासांच्या या परीक्षेत पहिला तास ४५ बहुपर्यायी प्रश्नांचा आणि उरलेले सव्वादोन तास तीन निबंधांचे असतात. पहिल्या निबंधात दिलेल्या सहा संदर्भांपैकी किमान तीन वापरून आपली बाजू मांडायची, दुसऱ्यात एखाद्या लेखकाच्या उताऱ्याचं विश्लेषण करायचं आणि तिसऱ्यात दिलेल्या प्रश्नावर स्वतःचा युक्तिवाद करायचा.

पालकांपुढे मी आधी हिशेब मांडते. बहुपर्यायी प्रश्नांचं वजन ४५ टक्के, म्हणजे एका प्रश्नाला एक टक्का. निबंधांचं ५५ टक्के, आणि प्रत्येक निबंध सहा गुणांचा, म्हणजे एकूण १८. म्हणजेच निबंधातला एक गुण तीन टक्क्यांहून किंचित जास्त भरतो. एका निबंधात एक गुण वाढणं हे तीन बहुपर्यायी प्रश्न बरोबर येण्यासारखं आहे. तरीही मुलं शनिवार-रविवार बहुपर्यायी प्रश्न सोडवण्यात घालवतात, कारण ते तपासायला सोपे. लिहिलेला निबंध मात्र कुणी न वाचताच वहीत पडून राहतो.

निबंधाचे सहा गुण कसे वाटले जातात, ते बघा. एक गुण थीसिसला, म्हणजे ज्यावर वाद घालता येईल अशा स्पष्ट भूमिकेला. नुसता प्रश्न फिरवून लिहिला तर तो मिळत नाही. एक गुण प्रगल्भतेचा. मधले चार गुण पुराव्याला आणि त्यावरच्या भाष्याला. २०१९ पर्यंत निबंधाला शून्य ते नऊ असा एकच एकत्रित गुण दिला जाई. २०२०च्या परीक्षेपासून ही विभागणी आली, आणि मला ती मनापासून पटते. आपण कुठं कमी पडलो, हे आता मुलाला नेमकं कळतं.

मुलं कमी पडतात ती या मधल्या चारांतच. २०१९च्या परीक्षेत विश्लेषणासाठी गांधीजींनी मिठाच्या सत्याग्रहाआधी, २ मार्च १९३० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनना लिहिलेल्या पत्राचा शेवटचा भाग होता. मी तो दरवर्षी वर्गात घेते. मुलांच्या पहिल्या खर्ड्यात ठराविक वाक्यं येतात. गांधी नम्र भाषा वापरतात, त्यामुळे वाचकावर प्रभाव पडतो. गांधी भावनेला आवाहन करतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं प्रभावी होतं. अलंकाराचं नाव, मग अवतरण, मग ‘प्रभाव’. यातलं एकही वाक्य चूक नाही, पण ते कुठल्याही पत्राला चिकटवता येईल. असा निबंध मधल्या चारांपैकी एक-दोन गुणांवर थांबतो.

मग मी विचारते, वाचक कोण? पत्र वाचतोय तो हिंदुस्थानवर राज्य करणारा, ख्रिस्ती धर्मावर गाढ श्रद्धा असलेला माणूस. त्याला लिहिणारा म्हणतो की मला तुमच्या लोकांचं वाईट करायचं नाही, त्यांचीही सेवाच करायची आहे. लगेच पुढे तारखेसकट सांगतो की काही झालं नाही तर अमुक दिवशी आश्रमातल्या सहकाऱ्यांना घेऊन मी कायदा मोडणार आहे. मला अटक करायला तुम्ही मोकळे आहात, हेही तोच लिहितो, आणि माझ्यामागे हजारो लोक शिस्तीत उभे राहतील अशी आशा धरतो. आता आयर्विननी करावं काय? अटक करावी, तर ती आधीच वर्तवलेली. गप्प बसावं, तर कायदा मोडला जाणार. आपला बेत उघड करून गांधीजींनी समोरच्याची दोन्ही उत्तरं आधीच निकामी करून ठेवली आहेत, आणि त्यांचा नम्र सूर हाच या डावपेचाचा कणा आहे. एवढं ज्या मुलीला दिसलं आणि जिनं ते परिच्छेदामागून परिच्छेद जोडत नेलं, ती चारपैकी चार मिळवते. अवतरणानंतर ‘मग काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर लिहायचं, एवढंच मी वर्षभर शिकवते.

आपण पालक दहावी-बारावीला ‘२१ अपेक्षित’ घोकून आलो. पाठ केलेला निबंध, सुरेख अक्षर, शेवटी एखादं सुभाषित. इथला परीक्षक मात्र समोरचा निबंध म्हणजे घाईत लिहिलेला पहिला खर्डा आहे, हे धरूनच वाचतो, आणि जे जमलंय त्याचे गुण देतो. जूनमधल्या तपासणीत हायस्कूल आणि कॉलेजचे शिक्षक एकत्र बसतात. आधी सगळे तेच नमुना निबंध तपासतात, गुण का वेगळे पडले यावर चर्चा होते, आणि सगळ्यांची मोजपट्टी जुळल्यावरच खऱ्या उत्तरपत्रिका हाती येतात. मुलाचं नाव, शाळा काहीच दिसत नाही. व्याकरणाला स्वतंत्र गुण नाहीत. मात्र चुकांमुळे अर्थच लागेनासा झाला, तर मधल्या चारांतला चौथा गुण मिळत नाही.

युक्तिवादाच्या निबंधाबद्दल आपल्या मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगते. पुरावा म्हणून अमेरिकी राष्ट्राध्यक्षच आणायला हवेत असं काही नाही. एका विद्यार्थिनीनं नियम मोडण्याच्या प्रश्नावर १९२७चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह घेतला. वाचकाला महाड माहीत नसणार, हे ओळखून तिनं आधी दोन वाक्यांत सांगितलं की सार्वजनिक तळ्याचं पाणी अस्पृश्यांना खुलं असल्याचा ठराव नगरपालिकेनं केला होता, पण तो अमलात येत नव्हता. मग मुद्दा मांडला की बाबासाहेबांनी तिथं कायदा मोडला नाही, कागदावरचा हक्क प्रत्यक्ष बजावला. आज्ञाभंग आणि हक्क बजावणं यांतला हा फरक हाच तिच्या निबंधाचा गाभा झाला. आजोबांकडून ऐकलेली गोष्ट होती ती.

प्रगल्भतेच्या एका गुणामागे मात्र धावू नये. त्यासाठी जड शब्द आणि लांबलचक वाक्यं लिहिली, की मधले चार गुण हातचे जातात. बहुपर्यायी प्रश्नांत चुकीला उणे गुण नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. आता परीक्षा संगणकावर असते, म्हणून सरावही टंकूनच करावा.

आधीच्या वर्षांचे निबंधाचे प्रश्न, मुलांनी लिहिलेली खरी उत्तरं आणि प्रत्येकाला किती गुण का दिले याची टिपणं कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. महागडा क्लास लावण्याआधी एका संध्याकाळी मुलीसोबत बसा, एक उत्तर काढा, टिपण झाकून दोघांनी आपापले गुण द्या, आणि मग टिपण वाचा.