लहान चाक, मोठें चाक

जें मोठें तें चांगलें, ही समजूत मनुष्याच्या मनांत केव्हां शिरते हें सांगणें कठीण. परंतु ती काढून टाकण्यास कधीं कधीं बरीच किंमत द्यावी लागते. आमची ही समजूत एका सायकलीनें दूर केली. ती हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

आमचे चिरंजीव बारा वर्षांचे झाले म्हणजे त्यांस डोंगरी सायकल घेऊन देण्याचें आम्हीं कबूल केलें होतें. दुकानांत २६, साडेसत्तावीस व २९ इंची चाकांच्या सायकली ओळीनें उभ्या होत्या. ‘मूल वाढतें आहे, मोठीच घ्यावी’ हा गणवेषाचा नियम आम्हीं सायकलीस लाविला आणि २९ इंची निवडली.

ही आवड वडिलोपार्जित होती. आमचे वडील ज्या काळ्या सायकलीवरून नोकरीस जात, तिचीं चाकें २८ इंची. आसनावरून पाय पुरेनात म्हणून आम्ही तिच्यावर कैची मारीतच सायकल शिकलों. गंमत अशी कीं, त्या २८ इंची चाकाच्या ज्या कडेवर टायर बसतो तिचा व्यास ६३५ मिलिमीटर, तर नव्या २९ इंची चाकाचा ६२२! आंकडा टायरसकट बाहेरच्या व्यासाचा असतो, आणि डोंगरी सायकलीचा टायर जाड. म्हणून लहान कडेचें चाक मोठें ठरतें.

मोठ्या चाकाचा गुण खरा आहे. बैलगाडीचें चाक उंच कां असतें हें आमच्या वऱ्हाड-नागपुराकडील शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. गणितानें पाहूं. चाकाची त्रिज्या २५ सेंटिमीटर आणि वाटेंतील दगड ५ सेंटिमीटर उंच असेल, तर ३, ४, ५ या ओळखीच्या काटकोन त्रिकोणावरून असें निघतें कीं, थांबलेलें चाक दगडावर चढविण्यास त्यावरील भाराच्या पाऊणपट आडवा जोर लागतो. चाकावर ४० किलो भार असल्यास ३० किलोंचा. तोच दगड आणि त्रिज्या ३७ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ २९ इंची चाक, घेतल्यास सुमारें २३ किलो पुरतात. टायर दबतो तो हिशेब येथें सोडला आहे. मोठें चाक खड्ड्यांतही कमी उतरतें व एकदां वेगांत आलें म्हणजे वेग सहज सोडीत नाहीं.

परंतु याच गुणांची दुसरी बाजू आहे. चाक मोठें तर कड, टायर व तारा जड, आणि हें वजन आंसापासून दूर फिरणारें. म्हणून वेग घेण्यास व थांबण्यास अधिक श्रम. दोन चाकांमधील अंतर वाढतें, त्यामुळें अरुंद वळणावर सायकल सावकाश वळते. हँडल उंच जातें. उंच मनुष्यास हें सोसतें, लहान मुलास सोसत नाहीं.

आमच्या चिरंजिवांस तें सोसलें नाहीं. सेमिनरी हिल्सच्या उतारावर एका वळणापाशीं मुरमावरून सायकल घसरली आणि त्यांच्या मनगटाचें हाड मोडलें. प्लास्टर घातल्यावर त्यांनीं हळूच सांगितलें, “बाबा, पहिल्या दिवसापासून माझे पाय नीट टेकत नव्हते. पण तुम्ही एवढे पैसे दिले होते, म्हणून बोललों नाहीं.” वर्गांत चाळीस मुलांच्या मनांतलें ओळखतों असा अभिमान बाळगणाऱ्या आम्हांस घरांतलें एक मूल ओळखतां आलें नव्हतें. त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

मागाहून आम्हीं या विषयाचें वाचन केलें. १८८५ साली साखळीची ‘रोव्हर’ सायकल निघाली. त्यापूर्वीं पायटा थेट पुढच्या चाकास जोडलेला असे, म्हणून वेगासाठीं तें चाक मनुष्याच्या छातीइतकें उंच करीत आणि स्वार डोक्यावर पडत. १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील मॅरिन परगण्याच्या तरुणांनीं जुन्या जाड टायरांच्या सायकली डोंगरावरून हांकल्या. त्यांचीं चाकें २६ इंची, म्हणून तोच आंकडा रूढ झाला. लंडन येथील २०१२ च्या ऑलिंपिकमध्यें यारोस्लाव्ह कुल्हावी २९ इंची चाकांवर पहिला आला, निनो शुर्टर साडेसत्तावीस इंचांवर दुसरा; अंतर एका सेकंदाचें! पुढें शुर्टरनेंही २९ इंची चाकें पत्करिलीं हें खरें. पण स्वतःच्या बांध्यास काय मानवतें तें पारखून पाहण्याचा अधिकार त्यानें आधीं बजाविला होता.

तो अधिकार आम्हीं आमच्या मुलास दिला नव्हता. आतां ते शेजाऱ्याकडून घेतलेली जुनी २६ इंची सायकल चालवितात आणि वळणें आनंदानें घेतात. मोठी सायकल आजोबांच्या काळ्या सायकलीशेजारीं ओसरीवर उभी आहे. दर दोन-तीन महिन्यांनीं ते तिच्यावर टांग टाकून पाहतात. आम्ही विचारतों, “टेकतात कां?” ते म्हणतात, “अजून नाहीं, बाबा.” हें ‘नाहीं’ ऐकून आम्हांस जें समाधान होतें, तें सायकल विकत घेतांनाही झालें नव्हतें.