ज्युलिएटच्या हातातली कुपी

शेक्सपिअरची ज्युलिएट प्रेमात आंधळी होती, असं लोक म्हणतात. मला पटत नाही. चौथ्या अंकाचा तिसरा प्रवेश बघा. चौदाही पूर्ण नसलेली मुलगी, रोमिओशी गुपचूप लग्न झालेलं, आणि बाप पॅरिसशी दुसरं लावायला निघालेला. हातात ४२ तास मेल्यागत निजवणारं औषध. दाईला हाक मारते, मग स्वतःच थांबते. औषध लागूच पडलं नाही तर? म्हणून जवळ खंजीर. पाद्रीबाबाने अब्रू वाचवायला विष तर दिलं नसेल? (धर्मगुरूवरही शंका! लगेच झटकते म्हणा.) रोमिओआधीच जाग आली तर? त्या तळघरात पूर्वजांची हाडं, नुकताच ठेवलेला टिबल्ट. जीव गुदमरेल, वेड लागेल. ही भीती मात्र झटकता येत नाही. तेवढ्यात टिबल्टचं भूत रोमिओला शोधताना दिसतं. त्याला थांब म्हणते, आणि पिते.