एकमेकांचं ऐकणाऱ्यांची मैफल

इंग्रजी बँड म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो नुसता धांगडधिंगा. पण मैत्रिणींनो, ‘ग्रेटफुल डेड’ या अमेरिकन बँडची मी चाहती आहे, आणि त्यांची ८ मे १९७७ची मैफल मी कितीदा ऐकली याची गणतीच नाही.

या मंडळींना ‘जॅम बँड’ म्हणतात. पावाला लावायचा जॅम नव्हे हं! गाणं तेच, पण ते कसं फुलवायचं, किती वेळ वाजवायचं, हे रंगमंचावरच ठरायचं. आपल्याकडे बंदिश तीच असते, पण गवई दरवेळी ती नव्याने मांडतो ना, तसंच काहीसं.

ही मैफल झाली न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये. त्या रविवारी तिकडे मातृदिन होता आणि मे महिना असूनही बाहेर बर्फ पडत होतं.

खरं सांगायचं तर पूर्वार्ध मला बेताचाच वाटतो. गाणी नीटनेटकी, पण जीव गुंतावा असं थोडंच. रंग चढतो तो उत्तरार्धात. ‘स्कार्लेट बिगोनियाज’ संपतंय असं वाटेपर्यंत त्यातूनच हळूच ‘फायर ऑन द माउंटन’ उमलतं. दोन्ही मिळून पंचवीस मिनिटांहून जास्त! दुसरं गाणं तर अवघ्या दोन कॉर्डवर उभं आहे. तरी कंटाळा येत नाही, कारण कुणी कुणाला तोडत नाही. जेरी गार्सियाची गिटार बोलू लागली की बाकीचे वाट करून देतात. दोन-दोन ड्रमवाले असूनही गलका नाही. त्यांच्यातला मिकी हार्ट हा आपल्या उस्ताद अल्लारखाँकडून ताल शिकलेला. १९७६ साली झाकीर हुसेन यांच्याबरोबर त्याने ‘डिगा’ ही ध्वनिमुद्रिका काढली होती.

शेवटाकडे येतं ‘मॉर्निंग ड्यू’. कॅनडाच्या बॉनी डॉब्सन या गायिकेचं हे गाणं. अणुयुद्धानंतर मागे उरलेल्या दोघांचं त्यात बोलणं आहे. गार्सियाचा आवाज काही तयारीचा नाही, पण तो इतका जपून गातो की आपलाही श्वास अडकतो. मग गिटार चढत चढत जाते आणि डोळ्यांत पाणी कधी आलं ते कळत नाही.

हे सारं आज आपल्यापर्यंत पोचलं ते बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईंमुळे. दोघा ड्रमवाल्यांचे ठोके वेगळे कळावेत इतकं स्वच्छ त्यांचं काम. पण पुढे दिवस फिरले. सामान ठेवलेल्या गोदामाचं भाडं थकलं आणि १९८६ साली टेपांच्या पेट्या लिलावात गेल्या. नकला मात्र चाहत्यांमध्ये हातोहात फिरत राहिल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ सालच्या जतन करण्याच्या यादीत हीच मैफल घेतली, आणि २०१७ साली ती रीतसर बाजारात आली. लिलावात कवडीमोलाने गेलेली ती मेहनत राष्ट्राचा ठेवा ठरली!

ऐकायची असेल तर उत्तरार्धापासूनच सुरुवात करा. भाजी निवडता निवडता नको. दुपारी सगळं आवरून, निवांत बसून ऐका. आणि वादकांना दाद देताना बेटीबाईंनाही विसरू नका.