दोन दिवसांची सहल

धान घरात आले, मोह वेचायला अजून वेळ होता. आम्ही चौघा मित्रांनी दोन दिवस फिरायचे ठरवले. आमच्या जंगलातले सागवान 2023 साली पार अयोध्येला गेले. आम्ही मात्र जिल्ह्यातले संगमही पाहिले नव्हते. एक म्हणे मार्कंडा, दुसरा म्हणे सिरोंचा. तिसऱ्याला काचबिंदू, गेलेली नजर परत येत नाही. तो म्हणाला, "देवळाला हात लावून पाहता येते गा, नदीले डोळेच लागतात." वाद मिटला. पहिल्या दिवशी भामरागड. तिथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती भेटतात. मुक्कामाला घरी. दुसऱ्या दिवशी सिरोंचा करून सोमनूर; तीच इंद्रावती तिथे गोदावरीत मिळते. जीप भाड्याची, डबा घरचा. खिडकीजवळची जागा त्याची, हे कोणाला सांगावे लागले नाही.