पहिल्या वर्गाची सवलत

गेल्या दिवाळीच्या पाडव्यास ओवाळणी आटोपल्यावर आमच्या अक्काने सर्व मंडळींसमक्ष जाहीर केले, "आता एकदा मुलाचे घर पाहून येते, मग डोळे मिटले तरी चालेल." अक्का ही आमची वडील बहीण, वय ८१. तिचा एकुलता एक मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीस असतो. अक्काच्या पाठीचे मणके झिजलेले आहेत. तळेगाव ढमढेऱ्याहून शिक्रापुरापर्यंत मोटारीत बसली तरी उतरताना तिला दोघांनी धरावे लागते. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले, "आडवे पडून जाता येत असेल तर न्या, नाही तर हा विचार सोडा." विमानात आडवे पडून जावयाचे म्हणजे पहिला वर्ग, आणि त्याचे भाडे ऐकून घरातील बोलकी मंडळीही गप्प झाली.

सवलत हा शब्द आमच्या घरास नवा नव्हता. रेल्वेत साठ वर्षांवरील पुरुषांस ४० टक्के व अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांस ५० टक्के सूट असे. अक्काची काशीयात्रा तीवरच झाली. ती सूट २० मार्च २०२० पासून बंद झाली. पण रेल्वेची सवलत वयाकडे पाहून मिळे. विमानाची कशाकडे पाहून मिळते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. तेव्हा पुण्यास संगणकाच्या नोकरीत असलेल्या पुतण्यास हाताशी धरून आम्ही या शास्त्राच्या अध्ययनास बसलो.

प्रथम कळले ते हे की, पहिला वर्ग हा नव्या काळाचा थाट नव्हे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे विमान प्रथम मुंबईहून लंडनला निघाले, त्या काळी विमानप्रवास हा मुळातच श्रीमंतांचा होता. १ मे १९५२ पासून अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या विमानांत स्वस्त 'टूरिस्ट' वर्ग आला. म्हणजे नवा तो स्वस्त वर्ग. महाग वर्ग आधीचाच.

दुसरे कळले ते व्यापाराचे मर्म. पुष्पक विमानात कितीही जण बसले तरी एक जागा रिकामीच राही, अशी कथा सांगतात. आजच्या विमानातही पुढच्या बाजूस जागा रिकाम्या राहतात. परंतु दार एकदा लागले की त्या जागेची किंमत शून्य. आठवड्याच्या बाजारात दिवेलागणीस कोथिंबीर मातीमोल होते, तसेच हे. मग शेवटच्या दिवशी जागा स्वस्त मिळावी, असे आम्हांस वाटले. पुतण्या हसून म्हणाला, "काका, शेवटच्या दिवशी ज्याला जाणे भागच आहे तोच येतो. त्याच्याकडून कंपनी पुरते भाडे घेते." म्हणून जागा स्वस्त मिळते ती बहुधा तारखेविषयी हट्ट नसणारास. सुट्ट्यांचे दिवस टाळावे. निरनिराळ्या शहरांतून निघणाऱ्या विमानांचे भाडे ताडून पाहावे, कारण त्याच कंपनीचे भाडे कोलंबोहून पुष्कळदा मुंबईपेक्षा कमी असते. काही कंपन्या खालच्या वर्गाचे तिकीट घेतलेल्यांकडून वरच्या जागेसाठी बोलीही मागवितात. पण अक्कास कोलंबोची प्रदक्षिणा घडविणे शक्य नव्हते, आणि बोली लागेल की नाही या आशेवर तिचे मणके टांगून ठेवणेही बरे नव्हते. शिवाय कर निराळा. साध्या वर्गावर ५ टक्के, तर वरच्या वर्गांवर पूर्वी १२ टक्के असलेला वस्तु-सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे.

अशा वेळी एका दलालाचा फोन आला. पहिल्या वर्गाचे तिकीट निम्म्याहून कमी भाड्यात! घरात आनंदीआनंद झाला. आम्ही मात्र जुन्या सवयीने 'कसे?' असे विचारले. तेव्हा उलगडा झाला. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली नेहमीच्या उतारूंस प्रवासाच्या मैलांनुसार बक्षीस देण्याची योजना काढली. पुढे इतर कंपन्यांनीही ती उचलली. साठलेल्या मैलांवर, म्हणजेच पॉइंटांवर, तिकीट काढता येते. ते बहुधा आपल्या माणसास देता येते, परंतु विकण्यास कंपन्यांची मनाई असते. हा दलाल परक्यांचे पॉइंट विकत घेऊन त्यांवर तिकिटे काढी. तो म्हणाला, "कोणी विचारलेच, तर पॉइंट देणारे तुमचे नातेवाईक आहेत असे सांगा." उघडकीस आले तर तिकीट रद्द, तेही कदाचित अर्ध्या वाटेवर.

आमचे मन डळमळले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. जन्मभर मुलांस 'सत्यं वद' शिकविले. पण पैशांचा आकडा समोर होता आणि बहिणीची इच्छाही. शेवटी अक्कासच विचारले. ती म्हणाली, "अरे बाळ, या वयात परक्या देशाच्या दारात उभी राहून मी खोटे बोलू? त्यापेक्षा त्याला फोटोत पाहीन." प्रश्न मिटला.

हे सारे भाच्यास कळविले, तेव्हा तो क्षणभर थांबून म्हणाला, "मामा, माझ्याकडे पॉइंट आहेत. कंपनीच्या कामासाठी दहा वर्षे फिरलो, त्याचे. कधी मोजलेच नाहीत." मोजले, तो पुरेसे निघाले. फेब्रुवारीतील एकाच तारखेस पहिल्या वर्गाची एकच जागा मिळाली. परतीसाठी मधल्या बिझनेस वर्गाची मिळाली. त्यातही आता पुष्कळ विमानांत आसनाचा सपाट बिछाना होतो. कर व इतर आकार आम्ही भरले. आम्ही त्याच विमानात, आमच्या पैशाने, मागे साध्या वर्गात बसलो.

मुक्कामी उतरल्यावर चाकांच्या खुर्चीत बसलेली अक्का प्रसन्न दिसली. झोप चांगली झाली होती. तिने पहिला प्रश्न केला, "एवढी सवलत दिली तरी कोणी?"

आम्ही म्हणालो, "तुझ्या मुलाने. दहा वर्षे घराबाहेर राहून."

अक्का काही बोलली नाही. ज्या प्रवासांमुळे तो दिवाळीस घरी येऊ शकला नव्हता, त्याच प्रवासांच्या पुण्याईवर ती निजून आली होती. दाराबाहेर मुलगा उभा होता. त्याचा हात हाती घेऊन ती इतकेच म्हणाली, "आता थोडे कमी फिर."

सवलत शोधावी, त्यात कमीपणा काही नाही. परंतु आपणांस जे स्वस्त पडले, त्याची बाकी कोणी भरली, एवढे विचारून घ्यावे. ती आपल्या माणसाने भरली असेल, तर ते ऋण समजून ठेवावे. आणि परक्याच्या नावावर खोटे बोलून भरावयाची असेल, तर घरीच राहावे.