शहामागून शह

नाचणगावच्या ओटीवर मांडलेला बुद्धिबळाचा पट असो वा परदेशातील नामवंतांचा सामना, शहामागून शह बसू लागले की भोवतालची कुजबुज आपोआप थांबते. राजाला एकच घर मोकळे. तेथे जावे तो पुन्हा शह! प्रतिपक्षाकडे मोहरे उचलण्यापुरतेच काम उरते.

या सक्तीच्या खेळ्यांची गोडी आपल्याकडेही जुनी आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी संस्कृतात रचलेल्या बुद्धिबळाच्या कूटांचा इंग्रजी अनुवाद मुंबईत 1814 साली छापला गेला. जुन्या खेळाडूंना साध्या मातीपेक्षा प्यादेमातीत अधिक भूषण वाटे. मात्र कूटात डाव अर्ध्यावरूनच मांडलेला असतो. तो तेथवर कसा आला, हे कोणी पुसत नाही.

लंडनमध्ये 1912 साली एडवर्ड लास्करने जॉर्ज टॉमसविरुद्ध अकराव्या खेळीस वजीर बळी दिला. तो राजाने मारण्यावाचून टॉमसला गत्यंतर नव्हते. मग त्या राजाला पट ओलांडून आपल्या पहिल्या रांगेत आणून लास्करने अठराव्या खेळीस मात केली; तीही स्वतःचा राजा नुसता बाजूस सरकवून! येथे सक्ती निखळ होती.

परंतु 1999 साली नेदरलंड्समधील वाइक आन झी येथे कास्पारोव्हने टोपालोव्हपुढे चोविसाव्या खेळीस हत्ती टाकला, तेव्हा तो घेण्याची सक्ती नव्हती. टोपालोव्हने तो घेतला आणि त्याचा राजा शत्रूच्या शेवटच्या रांगेपर्यंत फरफटत गेला. हत्तीला हात न लावता राजा एक घर सरकविला असता, तर ही दिंडी निघालीच नसती, असे पुढील विश्लेषकांनी दाखविले आहे.

हा डाव मी पुनःपुन्हा मांडतो, तो त्या एका खेळीसाठी. पुढची फरफट नेत्रदीपक खरी. पण तीत दोघांनाही फारशी मोकळीक नाही. मोकळीक होती ती हत्ती समोर आला त्या क्षणी. संसारात कर्ज, सोयरीक, नोकरी यांविषयी ‘दुसरा मार्गच नव्हता’ असे आपण सहज म्हणतो, आणि त्या घटकेला ते बहुधा खरेही असते. तरीपण एखादे दिवशी निवांत बसून डाव उलट मांडीत न्यावा. चार-सहा शहांच्या मागे कोठेतरी, आपण हौसेने उचललेला तो हत्ती सापडतोच.