मुक्काम पॅरिस, एक्स, गोर्बियो

पॅरिस, मार्च 2023

ताई,

येथील पोंपिदू कलाकेंद्रात सध्या सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले आहे, आणि धाकटीने फ्रान्सच्या शिष्यवृत्तीसाठी अर्ज करावा की नाही हा आपल्या मुलुंडच्या घरातला प्रश्न मनात घेऊनच मी त्या दालनांतून हिंडलो. मंडला जिल्ह्यात जन्मलेला, नागपुरास चित्रकला शिकून 1943 साली मुंबईस आलेला, ब्लॉक करणाऱ्या स्टुडिओत पोटासाठी राबता राबता जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा तरुण 1950 मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर येथे दाखल झाला, हे तुला ठाऊक आहेच. परंतु माझ्या मते त्याच्या प्रवासाचा आरंभ 1948 साली काश्मिरात झाला. त्याची चित्रे पाहून छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी स्पष्ट सांगितले की हात गुणी आहे, पण चित्राला बांधणी नाही, सबब फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करावा. तो अभिप्राय शिरोधार्य मानून रझांनी मुंबईतच फ्रेंच भाषा शिकावयास घेतली. शिवाय नाझी राजवटीमुळे युरोप सोडून मुंबईत आश्रयास आलेल्या लँगहॅमर, लायडन आणि श्लेसिंगर या रसिकांनी तेथील तरुण चित्रकारांची नजर आधीच घडवावयास घेतली होती, ही गोष्टही विसरता येत नाही. आगबोटीवर चढण्यापूर्वीच ज्याला आपल्यात काय उणे आहे हे नेमके कळले होते, त्यालाच या नगराने भरभरून दिले.

1956 साली येथील समीक्षकांचे पारितोषिक रझांना मिळाले. फ्रेंच नसलेल्या चित्रकाराला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. एवढ्यावर समाधान मानून जन्मभर फ्रेंच खेडी रंगवीत राहणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी तसे केले नाही, म्हणूनच मला ते थोर वाटतात. 1981 च्या 'माँ' या चित्रावर देवनागरी अक्षरांत हिंदी काव्यपंक्ती उमटली आहे. आणि लहानपणी शाळामास्तरांनी भिंतीवर काढून दाखविलेला बिंदू तीस वर्षांच्या परदेशवासानंतर त्यांच्या चित्रांचा स्वामी झाला. मडगावचे चित्रकार लक्ष्मण पै हेही 1951 पासून दहा वर्षे याच शहरात राहिले, आणि त्यांनीही येथे आपल्याच परंपरेतल्या गीतगोविंदावरची मालिका रंगविली.

एक्स-आं-प्रोव्हान्स

ताई, काल लोव्हच्या टेकडीवरील सेझानची चित्रशाळा पाहिली. 1902 ते 1906, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्यांनी येथे काम केले. टेकडीवरून सेंत-व्हिक्त्वार पर्वत समोर दिसतो. तोच डोंगर त्यांनी पुनःपुन्हा रंगविला. छायाप्रकाशाचा आभास सोडून रंगाच्या एकेका पट्ट्याने तो रचला, जणू गवंडी दगडावर दगड बसवितो. अखेरच्या दिवसांत बाहेर रंगवीत असतानाच त्यांना पावसाने गाठले, आणि त्या आजारातून ते उठले नाहीत. कार्तिए-ब्रेसाँ यांना अभिप्रेत असलेली बांधणी पुस्तकातल्या छापील चित्रांतून कळली असती असे मला वाटत नाही. त्या पट्ट्यांची जाडी, त्यांच्यामध्ये राहिलेला कोरा कागद वा कापड, हे समोर उभे राहूनच पाहावे लागते. प्रवासाचा खरा उपयोग तो हाच.

गोर्बियो

मेंतोंच्या वरच्या बाजूस डोंगरमाथ्यावर वसलेल्या या लहानशा दगडी गावात रझा आणि त्यांच्या चित्रकार पत्नी जानीन मोंजिया यांचे घर होते. जानीनबाई 2002 साली गेल्या आणि साठ वर्षांच्या वास्तव्यानंतर 2010 च्या अखेरीस रझा भारतात परतले. येथला मुलूख उजळ, कोरडा, ऑलिव्हच्या झाडांचा; त्यांच्या कॅनव्हासवरचा लाल, काळा आणि पिवळा मात्र नर्मदाकाठच्या अरण्यांचा.

धाकटीने अर्ज अवश्य करावा. परंतु या जूनपासून फ्रेंचचा वर्ग लावावा, आणि सुट्टीच्या दिवशी बोरिवलीस जाऊन कान्हेरीच्या तिसऱ्या लेण्यातील चैत्यगृहात रेखाटनवही घेऊन बसावे. तेथल्या काही स्तंभांना कोरीव शीर्षे आहेत आणि उरलेले साधे अष्टकोनी आहेत. तरीही दालनाचा तोल कसा राहतो, ते तिने आधी कागदावर उतरवावे. ती रेखाटने अर्जासोबत पाठविता येतील अशी तजवीज तू कर. शिष्यवृत्तीची मुदत संपताच कीर्ती हाती यावी अशी अपेक्षा मात्र घरात कोणीही धरू नये, हे भाऊजींनाही माझ्या वतीने सांग.